कंपनी बेंगळुरूची, पेशंट सांगलीत: ऑफिसचा मेडिक्लेम गावाकडं कसा वापरायचा

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कला काम करते. काचेच्या पलीकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, "मॅडम, पोराची कंपनी बेंगळुरूला आहे, कार्ड तिकडचं आहे, इथं चालंल का?" कधी बेंगळुरू, कधी हैदराबाद, कधी चेन्नई, काळजी तीच. तर आधी उत्तर देऊन टाकते, चालतं. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी साधारणपणे अख्ख्या भारतात चालते, तिला राज्याची हद्द नसते. मिरजेला तर हे नवीन अजिबात नाही, वानलेस हॉस्पिटल १८९४ मधे सुरू झालं आणि अथणी, चिकोडी, विजापूर साइडचे पेशंट पिढ्यान्‌पिढ्या इकडं येतायत, त्यांची कार्डं कर्नाटकातली असतात आणि इथं चालतात, मग आपल्या पोरांची का नाही चालणार.

अडतं ते हॉस्पिटलच्या नेटवर्कपाशी, म्हणजे तुमच्या इन्शुरन्स कंपनीचा करार कुठल्या हॉस्पिटलशी आहे तिथं, आणि कागदांपाशी. एचआर बसलीय तिकडं, तिला सांगलीच्या विश्रामबागेतलं कुठलं हॉस्पिटल, साताऱ्यात पोवई नाक्याजवळ काय आहे, हे माहीत असायचं काही कारण नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं, आणि ते घरात सगळे ठणठणीत असताना बघायचं असतं. स्ट्रेचर आत आल्यावर पासवर्ड आठवत नाही ओ कुणालाच.

हे लिहितेय ते पहिल्यांदा बाहेरच्या राज्यातल्या कंपनीत लागलेल्या पोरापोरींसाठी. आईवडील सांगली-साताऱ्याकडं असतील किंवा वर्क फ्रॉम होममुळं तुम्ही स्वतःच इकडं राहत असाल, दोन्हीला पद्धत तीच.

जॉइन झाल्याझाल्या: नावं घाला, आणि आधारप्रमाणंच घाला

जॉइन झाल्यावर एचआरचा मेल येतो, त्यात घरच्यांची नावं ॲड करायची लिंक असते. तिला मुदत असते, बऱ्याच कंपन्यांत ३० दिवस, काही ठिकाणी त्याहून कमी. पहिल्या आठवड्यात मेलचा नुसता पूर असतो, त्यात हा राहून जातो आणि मग पॉलिसी रिन्यू होईपर्यंत आईवडिलांचं नाव घालता येत नाही. मधे नाव घालू देतात ते फक्त लग्न झालं किंवा बाळ झालं तर, तेही ठरावीक दिवसांत. बऱ्याच पॉलिसीत आईवडील नाहीतर सासू-सासरे, यातली एकच जोडी घेता येते, आणि एकदा घेतली की मधेच बदलत नाहीत, त्यामुळं नवराबायको दोघं नोकरीला असाल तर कुणाचे आईवडील कुणाच्या पॉलिसीत हे घरात बसून आधी ठरवा.

काही कंपन्या आईवडिलांचा प्रीमियम पगारातून कापतात, पहिला पगार छोटा असतो, मग वाटतं पुढच्या वर्षी बघू. माझं स्पष्ट मत आहे, घाला. साठीच्या पुढच्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला बाहेरून नवीन पॉलिसी घ्यायला गेलं तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा ही अट काढलेली असते, म्हणजे पहिल्या दिवसापासून कव्हर. तुमच्या पॉलिसीत काढलीय का नाही ते एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको, मेलवर, म्हणजे पुढं दाखवता येतं.

आता नावांचं. आपल्याकडं आधारवर असतं शांताबाई, पॅनवर शांता, बँकेत शांताबाई रामचंद्र, आणि पोरानं पोर्टलवर घाईत टाकलेलं असतं शांता आर. चारही एकच बाई आहे हे आम्हाला समोर दिसतंय पण टीपीएच्या, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसात बसलेल्या माणसाला फक्त कागद दिसतो, तो क्वेरी काढतो, म्हणजे खुलासा मागतो. जन्मतारखेचं तर अजून अवघड. आपल्या आईवडिलांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावलीय, घरात खरी तारीख वेगळीच, म्हणजे 'नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी' वगैरे. पोरं प्रेमानं खरी टाकतात. नका टाकू, आधारवर जे आहे तेच टाका. आधारच चुकलेलं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, नंतर पोर्टल.

कार्ड काढा आणि ते पेशंटच्या हातात असू द्या

नावं चढली की काही दिवसांत ई-कार्ड तयार होतं. ते टीपीएच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर मिळतं. टीपीए म्हणजे इन्शुरन्स कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधे बसून क्लेमचं काम बघणारी कंपनी, काही इन्शुरन्स कंपन्या मधे कुणाला न ठेवता हे काम स्वतःच करतात. तुमच्या कार्डावर दोन्ही नावं असतील, इन्शुरन्स कंपनीचं आणि टीपीएचं, ती दोन्ही पाठ पाहिजेत कारण हॉस्पिटलमधे पहिलं तेच विचारतो आम्ही. नुसतं "आयटी कंपनीचा मेडिक्लेम आहे" याच्यावर काहीच करता येत नाही.

प्रत्येकाचं कार्ड वेगळं असतं, नंबर वेगळा असतो. प्रिंट काढा, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घ्या आणि आईवडिलांच्या आधारसोबत एका पाउचमधे ठेवा. त्याच पाउचमधे तुमच्या ऑफिसच्या आयडीची आणि आधारची झेरॉक्स ठेवा, कारण पॉलिसी तुमच्या नावानं आहे आणि तुम्ही शेकडो किलोमीटरवर आहात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय म्हणून निवांत राहू नका, वडील ॲडमिट असतात तेव्हा वडिलांचाच फोन बंद पडलेला असतो.

अजून एक. पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचा असतो, म्हणजे क्वेरीचा मेसेज, मंजुरीचा मेसेज, ओटीपी, सगळं तुम्हाला येतं, आणि तुम्ही मीटिंगमधे फोन सायलेंटला टाकून बसलेला असता. इकडं आई डेस्कला येऊन विचारत असते, झालं का, झालं का. म्हणून घरचा कुणी ॲडमिट असेल त्या दिवशी मॅनेजरला सांगा आणि फोन हातात ठेवा. इकडं पण एक धावपळ करणारं माणूस नेमून ठेवा, चुलतभाऊ, मेव्हणा, शेजारचा कोण असेल तो, त्याचा नंबर ॲडमिट करतानाच डेस्कला द्या. मोठ्या कंपन्यांसाठी टीपीएनं एक वेगळा माणूस नेमलेला असतो, त्याचा नंबर एचआरच्या मेलमधे खाली कुठंतरी असतोच. तो सेव्ह करून ठेवा, टोल फ्री नंबरपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आता खरं काम: आपल्या गावातलं हॉस्पिटल शोधणं

टीपीएच्या वेबसाइटवर नेटवर्क हॉस्पिटलची यादी असते. राज्य, शहर निवडून बघता येतं, पण नुसतं सांगली टाकून थांबू नका. मिरजेची हॉस्पिटलं कधी मिरजमधे असतात, कधी सांगलीत, कधी नुसत्या जिल्ह्याच्या नावाखाली. पिनकोडनं शोधा, सांगली ४१६४१६, विश्रामबाग ४१६४१५, मिरज ४१६४१०, सातारा ४१५००१, कराड ४१५११०. वाळवा-शिराळ्याची माणसं कराडलाही जातात आणि सांगलीलाही, त्यांनी दोन्ही बघावं. जत-आटपाडीवाल्यांनी मिरजेबरोबर सोलापूर-पंढरपूर पण बघून ठेवावं.

यादीत नाव दिसलं म्हणजे काम झालं असं नाही, याद्या जुन्या असतात, करार संपलेला असतो, रेट पटले नाहीत म्हणून हॉस्पिटल बाहेर पडलेलं असतं. म्हणून फोन करा, रिसेप्शनला नाही, मेडिक्लेम डेस्कला द्या म्हणावं. आणि असं विचारा: अमुक इन्शुरन्स कंपनी, अमुक टीपीए, कॉर्पोरेट पॉलिसी आहे, आज कॅशलेस (म्हणजे बिल आपण न भरता इन्शुरन्स कंपनीनं थेट हॉस्पिटलला भरायचं) चालू आहे का? ॲडमिट करताना डिपॉझिट किती घेता? आणि आमचे जे नेहमीचे डॉक्टर आहेत ते तुमच्याकडं कॅशलेसमधे ऑपरेशन करतात का? हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि मग हॉस्पिटल नेटवर्कमधे पण बाहेरून येणारे डॉक्टर त्या रेटला तयार नाहीत, असं ऐन वेळी कळतं. रविवारी रात्री आणि सणासुदीला डेस्क चालू असतो का तेही विचारून घ्या, दिवाळीत पण हार्ट ॲटॅक येतात.

असं करून दोन हॉस्पिटलं पक्की करा, एक घराजवळचं आणि एक मोठं, जिथं कॅथलॅब, आयसीयू सगळं आहे. दोघांची नावं त्याच पाउचमधे मराठीत लिहून ठेवा.

तुमचं हॉस्पिटल यादीत नसेल तरी वाट बंद होत नाही. जानेवारी २०२४ मधे इन्शुरन्स कंपन्यांच्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' सुरू केलं, त्यात नेटवर्कच्या बाहेरच्या हॉस्पिटलमधे पण कॅशलेस मागता येतं. ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, इमर्जन्सी असेल तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत. फक्त हॉस्पिटलनंही तयारी दाखवावी लागते, आणि छोटी हॉस्पिटलं ती लगेच दाखवतातच असं नाही. म्हणून याच्यावर विसंबून न राहता मागून बघावं, मिळालं तर चांगलंच.

पॉलिसीतली दोन-चार पानं वाचाच

अख्खी पॉलिसी कोण वाचत नाही, मी पण सांगणार नाही वाचा म्हणून. एचआरकडं दोन पानांचा सारांश असतो तो मागून घ्या. त्यात आईवडिलांना को-पे आहे का बघा, म्हणजे बिलाचा १० किंवा २० टक्के भाग आपण भरायचा असतो. मोतीबिंदूला वेगळी मर्यादा आहे का बघा. ॲडमिट व्हायच्या आधीचा आणि डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवसांचा मिळतो बघा, बहुतेक ठिकाणी आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस असतात, आणि हे पैसे कित्येक लोक मागतच नाहीत. ऑपरेशनआधीचा एमआरआय, नंतरची औषधं, ड्रेसिंग, फॉलोअप, सगळ्याच्या पावत्या आणि चिठ्ठ्या ठेवल्या तर मिळतात.

पण सगळ्यात महत्त्वाचं रूम रेंट. समजा आईचं कव्हर ३ लाखांचं आहे आणि रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. नातेवाईक म्हणतात एसी स्पेशल घ्या, ४,५०० ची. लोकांना वाटतं वरचे दीड हजार आपण भरू, चार दिवसांचे सहा हजार, काय मोठं नाही. पण तसं नसतं. रूम मर्यादेच्या दीडपट घेतली की सर्जनची फी, ओटीचं भाडं, भूल, व्हिजिट, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. ही सगळी मिळून ९०,००० होत असतील तर मिळणार ६०,०००. तीस हजार खिशातून, वर रूमचा फरक वेगळा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला हे प्रमाण लावायचं नसतं असा नियम आहे, बिलात तिथं कापलेलं दिसलं तर जरूर विचारा. आणि ॲडमिट करतानाच डेस्कला सांगा, "मर्यादेत बसणारी रूम द्या." यात लाजण्यासारखं काही नाही, मी तर म्हणते हेच शहाणपणाचं आहे. आपल्याकडं एक बरं आहे, बेंगळुरूच्या मानानं इकडं रूमचे दर कमी, त्यामुळं तेच ३ लाख इकडं जास्त पुरतात.

ठरवून ऑपरेशन असेल तर

डॉक्टरांनी गुडघा, हर्निया, पित्ताशय काही सांगितलं की लगेच ॲडमिट होऊ नका. आधी सगळे रिपोर्ट आणि कार्ड घेऊन मेडिक्लेम डेस्कला या. प्री-ऑथचा, म्हणजे आधी मंजुरी मागायचा फॉर्म असतो, थोडा तुम्ही भरायचा, बाकी डॉक्टर भरतात, खर्चाचा अंदाज जोडून आम्ही तो टीपीएला पाठवतो. इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयआरडीएआयनं मे २०२४ मधे काढलेल्या परिपत्रकाप्रमाणं कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा असतो. पहिली मंजुरी अंदाजापेक्षा कमी रकमेची येते, ते बघून घाबरू नका, पुढं बिल वाढेल तशी वाढीव मंजुरी मागता येते.

इथं एका गोष्टीकडं नीट लक्ष द्या, पहिल्या केसपेपरकडं. ॲडमिट करताना डॉक्टर विचारतात शुगर कधीपासून आहे. पेशंट म्हणतो चार-पाच वर्षं, मागून काकू म्हणतात "न्हाई ओ, लई वर्षं झाली, पंधरा तरी", एका कागदावर पाच पडतात, दुसऱ्यावर पंधरा. टीपीएला दोन कागदांवर दोन आकडे दिसले की क्वेरी, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, जुनी चिठ्ठी आणा, यात दिवस जातो. खरं तेच सांगायचं, लपवायचं तर अजिबात नाही, पण अंदाजानं सांगायचं नाही. आईवडिलांच्या जुन्या चिठ्ठ्या बघून कुठली गोळी कुठल्या वर्षी सुरू झाली हे एका कागदावर आत्ताच लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला घरी याल तेव्हा हे एक काम करा, तास-दोन तासांचं आहे.

इमर्जन्सीत

आधी दवाखाना, मग मेडिक्लेम. १०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स फुकट आहे. जवळ जे मिळेल तिथं पेशंट स्थिर होऊ द्या, नेटवर्क नेटवर्क करत कुणाला मिरजेहून कोल्हापूरला हलवू नका. बाहेरगावी असलेल्या पोरानं त्या वेळात करायचं काम म्हणजे टीपीएला कळवणं, ॲपवर किंवा फोनवर, शक्यतो २४ तासांत, आणि कळवल्याचा नंबर घेणं. हे बेंगळुरूत बसून होतं, त्यासाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायची वाट बघू नका, गाडीत बसायच्या आधी करा.

अपघात असेल तर हॉस्पिटल एमएलसी करतं, म्हणजे पोलिसांना कळवून नोंद करतं, पोलिसांचे कागद मराठीत असतात आणि क्लेम बघणारा कदाचित हैदराबादला बसलेला असतो, त्यानं भाषांतर मागितलं तर चिडू नका, साध्या इंग्रजीत करून जोडा. आणि माणूस कसा पडला हे सगळ्यांनी सारखं सांगा, म्हणजे जे घडलं तेच.

माहेरचं बाळंतपण

याच्यावर जरा जास्त लिहिते कारण इथं सगळ्यात जास्त पैसे मागायचे राहून जातात. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी बेंगळुरूला, सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होतं आणि ती तासगावला नाहीतर वाईला आईकडं येते, आणि बाळंतपण होतं आईच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडं, ज्यांच्यावर घराचा पूर्ण विश्वास आहे. तो विश्वास मोलाचा आहे, नेटवर्कसाठी डॉक्टर बदला असं मी कधीच सांगत नाही. पण अशी मॅटर्निटी होम बहुतेक नेटवर्कमधे नसतात, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि नंतर मागायचे. मागता येतात, फक्त तयारी सातव्या महिन्यातच करायची.

डॉक्टरीणबाईंना आधीच विचारा, नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना. पॉलिसीत हॉस्पिटलची व्याख्या असते, रजिस्टर असलं तर प्रश्न नाही, नाहीतर १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० बेड, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर असं बघतात. सांगली, सातारा, आपली सगळीच गावं १० लाखांच्या आत, त्यामुळं १५ बेड पाहिजेत म्हणून कुणी अडवलं तर तुमच्या पॉलिसीतलं हे कलम दाखवा. सर्टिफिकेटची झेरॉक्स आधीच घेऊन ठेवा, बाळ झाल्यावर कुणाला सुचत नाही.

मॅटर्निटीला वेगळी मर्यादा असते, नॉर्मलला कमी, सिझेरियनला जास्त, आणि साधारण पहिल्या दोन बाळांपर्यंत. दर महिन्याच्या सोनोग्राफीचे पैसे काही पॉलिसीत मिळतात, काहीत नाही. नवराबायको दोघांच्या कंपनीची पॉलिसी असेल तर एकीत मर्यादा संपली की उरलेले दुसरीत मागता येतात का ते बघा, त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर लागतं.

आणि बाळ. बाळाला कावीळ झाली, काचेत ठेवलं, की बिल आईपेक्षा मोठं होतं. पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर असलं तरी एचआरला मुदतीत कळवावं लागतं, बहुतेक ठिकाणी ३० दिवस. बारसं व्हायची वाट बघू नका, नाव नसलं तरी 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असं चढवता येतं. जन्मदाखला ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका जिथं जन्म झाला तिथून मिळतो, नाव नंतर घालता येतं. हा मेल बाळाच्या बाबानं पाठवायचा, त्याला तेवढं एकच काम आहे त्या आठवड्यात.

पैसे भरून नंतर मागायचे असतील तर फाईल अशी करा

क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात, एक तुमचा, एक हॉस्पिटलनं भरायचा. हॉस्पिटलचा भाग डिस्चार्जच्या दिवशीच सही-शिक्क्यासह घ्या, नंतर तासगाव-बेंगळुरू हेलपाटे परवडत नाहीत. सोबत डिस्चार्ज समरी, कशाकशाचे किती असं फोड केलेलं फायनल बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट, प्रत्येक औषधाच्या बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी, इम्प्लांट किंवा लेन्स बसवली असेल तर तिचं स्टिकर, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, तुमचा कॅन्सल चेक आणि केवायसी. पैसे तुमच्या खात्यात येतात, वडिलांच्या नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.

छोट्या दवाखान्यात पावतीपुस्तकातली पावती मिळते, "उपचाराबद्दल ३५,००० मिळाले", बास. याच्यावर क्लेम पास होत नाही. फोड करून मागा, लेटरहेडवर, बिल नंबर, तारीख, पेशंटचं आधारप्रमाणं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर घालून. शक्यतो यूपीआय नाहीतर कार्डनं भरा, आणि २ लाख किंवा त्याच्या वर रोख हॉस्पिटलनं घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसतच नाही.

पाठवायच्या आधी प्रत्येक पान स्कॅन करा. ओरिजिनल मागितले तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. फाईल द्यायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, १५ किंवा ३० दिवस वगैरे, डिस्चार्जपासून मोजतात. उशीर झालाच तर का झाला ते एका पत्रात लिहून जोडा, उशीर झाला म्हणून फाईल कपाटात टाकून देऊ नका.

डिस्चार्जचा दिवस

सकाळी राउंडला डॉक्टर म्हणतात आज सोडू, आणि घरचे बॅग भरून बसतात. पण त्यानंतर उरलेली औषधं फार्मसीला परत जातात, लॅबची बिलं चढतात, समरी टाइप होते, डॉक्टर ओपीडीत असतात त्यांची सही राहिलेली असते, मग फायनल बिल टीपीएला जातं. त्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणं डिस्चार्जची शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची असते, ते तीन तास तिथून मोजायचे, राउंडपासून नाही. तीन तासांच्या वर लांबलं आणि त्यामुळं हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर ते इन्शुरन्स कंपनीनं भरायचेत, पेशंटनं नाही. म्हणून फायनल बिल किती वाजता गेलं ते डेस्कला विचारून वेळ लिहून ठेवा. वडिलांना जेवण द्या, गोळ्या वेळेवर द्या, घर जवळ असलं तरी गाडी चारच्या आत बोलवू नका. ग्लोव्हज, किट, फाईलचा चार्ज असलं थोडं तुम्हाला भरावं लागणारच, ते पॉलिसीत बसत नाही.

क्लेम नाकारला तर

नाकारल्याचं कारण लेखी घ्या. इन्शुरन्स कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा, एचआरला सीसीत ठेवा. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे विमा लोकपाल. आणि इथं बाहेरच्या राज्यातल्या कंपनीचा काही संबंध नाही, तक्रार करणारा जिथं राहतो तिथल्या लोकपालाकडं जाता येतं, म्हणजे सांगली-सातारावाल्यांना पुणे. फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप पॉलिसी चालते, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात. कंपनीनं शेवटचं नाही म्हटल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

पगार २१,००० च्या आत असेल तर

मग साधारणपणे मेडिक्लेमच्या जागी ईएसआयसी, म्हणजे सरकारचा कामगार विमा असतो, तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. गोव्यात, गुजरातेत कारखान्यांत कामाला असलेल्या आणि घरचे गावाकडं असलेल्या पोरांसाठी महत्त्वाचं हे की नोंदणीत स्वतःचा दवाखाना आणि कुटुंबाचा दवाखाना वेगवेगळा निवडता येतो. मालकाचा माणूस घाईत दोन्हीला तिकडचाच टाकतो. आपला आयपी नंबर, म्हणजे ईएसआयसीचा विमा नंबर घेऊन ऑनलाइन बघा आणि कुटुंबाला इकडचा करून घ्या. अडलं तर १८००११२५२६.

आणि कुठलंच काही नसेल किंवा कव्हर संपलं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डवाल्यांना. सिव्हिलमधे, मग ते सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय असो, मिरजेचं मेडिकल कॉलेज असो नाहीतर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, तिथं आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी बसलेल्या माणसाला भेटा, किंवा १५५३८८ ला फोन करा. पोरगा आयटीत आहे म्हणून आईनं ही योजना घ्यायला लाजायचं कारण नाही, तुमचा हक्कच आहे तो.

नोकरी सोडताना

बहुतेक कंपन्यांत कव्हर शेवटच्या दिवशी संपतं, आईवडिलांचंही. दुसरी नोकरी पुढच्या सोमवारपासून असली तरी मधले दिवस उघडे. नोटीस पिरियड सुरू झाला की लगेच एचआरला आणि इन्शुरन्स कंपनीला विचारा, ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीची वर्षं धरली जातात, प्रीमियम मात्र वाढतो. आणि घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांकडं अशी तारीख मागा की शेवटच्या दिवसाच्या आधी डिस्चार्ज होईल, आणि त्यांना कारण सांगा, ते समजून घेतात.